हप्ते भरलेल्या माणसाला फुकटा म्हणू नका

गेल्या मार्चमध्ये माझ्या भाच्याची नोकरी गेली. जर्मनीत, श्टुटगार्टजवळ, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत तो चार वर्षं होता. कंपनीने अख्खा विभाग बंद केला आणि त्यात त्याचंही पत्र निघालं. नोकरी संपायला पुरते तीन महिनेही उरले नव्हते. तिकडचा नियम असा की असं पत्र हातात पडलं की लगेच, फार तर तीन दिवसांत, रोजगार कार्यालयाला ‘मी काम शोधतोय’ असं कळवायचं. ऑनलाइन कळवलं तरी चालतं, दहा मिनिटांचं काम आहे. त्याने ते केलं अकराव्या दिवशी. त्यापायी त्याचा एक आठवड्याचा बेकारभत्ता गेला.

उशीर का केलास, म्हणून मी फोनवर विचारलं. जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “मावशी, मामाने ग्रुपवर ते टाकलं होतं ना, त्याच आठवड्यात. सगळ्यांनी लाईकचे अंगठे टाकले. मला वाटलं, आता मीही त्यांच्यातलाच.”

‘ते’ म्हणजे युरोप कसा बुडतोय हे सांगणारा लांबलचक मजकूर. तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. त्याचा सारांश असा: जर्मनीत काम न करता महिन्याला तीन हजार युरो मिळतात. त्यामुळे युरोपात कुणाला काम करायची इच्छाच उरलेली नाही. पेन्शनी आणि भत्ते वाटून ग्रीस बुडाला, आता बाकीचे रांगेत आहेत. अमेरिकेत असले लाड नाहीत म्हणून तिथे बेकारी नाही. सगळा पैसा बाहेरून आलेले खातात. आणि शेवटी, भारतीय माणूस कष्टाळू, आपल्याकडे हे खूळ कधीच नव्हतं, येऊही देऊ नका.

माझा थोरला भाऊ वाईट माणूस नाही. मुलांना कष्टाची किंमत कळावी म्हणून त्याने ते पुढे ढकललं, हे मला माहीत आहे. पण त्या मजकुरापायी आमच्याच घरातला एक मुलगा, चार वर्षं न चुकता पैसे भरलेला, स्वतःचे पैसे मागायला अकरा दिवस लाजला. म्हणून हे सविस्तर लिहितेय, आणि ग्रुपवरही टाकणार आहे.

मी एकतीस वर्षं आयुर्विम्याच्या कचेरीत काढली. त्यातली बरीच वर्षं दाव्यांच्या टेबलावर. विधवा बाई कागद घेऊन समोर बसायची, मुलगा बाजूला उभा असायचा. आम्ही कागद तपासायचो. वारसाची नोंद बघायचो, हप्ते थकलेत का बघायचो. कधी दावा नाकारावाही लागायचा. पण समोरच्या माणसाला ‘फुकट खायला आलात’ असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. त्याने हप्ते भरले होते. आलेलं संकट विम्यात बसत होतं. विषय संपला.

भाच्याकडून मी त्याचं पगारपत्रक मागवलं. कपातीच्या रकान्यात, प्राप्तिकर सोडून, चार ओळी आहेत. पेन्शन विमा ९.३ टक्के. बेकारी विमा १.३ टक्के. आरोग्य विमा. आणि म्हातारपणी कुणी उठवायला-बसवायला लागलं तर त्या शुश्रूषेचा विमा. जवळजवळ तेवढीच रक्कम मालकानेही भरायची. बेकारी विम्याचे दोघांचे मिळून २.६ टक्के होतात. गेल्या तीस महिन्यांत किमान बारा महिने हा हप्ता भरला असेल तरच नोकरी गेल्यावर भत्ता मिळतो, हातात येणाऱ्या पगाराच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७ टक्के. त्याचीही मुदत आहे. दोन वर्षं हप्ते भरलेल्या तरुण माणसाला एक वर्ष, आणि वयाची ५८ वर्षं ओलांडलेल्याला, त्याने चार वर्षं हप्ते भरले असतील तर, जास्तीत जास्त दोन वर्षं. बारा महिने भरले नसतील तर या खात्यातून एक पैसा मिळत नाही.

हप्ता आहे, प्रतीक्षाकाल आहे, मर्यादा आहे, मुदत आहे, उशिरा कळवलं तर कपात आहे. याला आमच्या धंद्यात पॉलिसी म्हणतात. भीक म्हणत नाहीत.

शिवाय ही कल्पना कुणा उदार मनाच्या समाजवाद्याच्या डोक्यातून आलेली नाही. आरोग्य विमा १८८३, अपघात विमा १८८४, म्हातारपणाचा विमा १८८९ हे तिन्ही कायदे जर्मनीचा तेव्हाचा चान्सलर बिस्मार्क याच्या काळातले. समाजवाद्यांच्या सभा-संघटनांवर बंदी घालणारा तो माणूस. कामगार त्यांच्याकडे वळू नये म्हणून त्याने हे केलं. बेकारी विमा त्यात १९२७ साली आला. म्हणजे साठ टक्क्यांचा तो भत्ता देणारी व्यवस्था जवळपास शंभर वर्षांची आहे. एवढ्या काळात जर्मनीने काम सोडून खाटेवर पडून राहायला सुरुवात केली असती, तर आपल्या कारखान्यांत जर्मन यंत्रं कुठून आली असती?

आता तीन हजार युरोंबद्दल. विमा संपलेल्या किंवा कधीच न भरलेल्या माणसासाठी तिथे दुसरी सोय आहे. २०२३ मध्ये तिचं नाव ‘ब्युर्गरगेल्ड’ ठेवलं. २०२५ मध्ये आलेल्या सरकारने तेही नाव आणि नियम बदलायला घेतले. एकट्या प्रौढ माणसाला २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी महिन्याला ५६३ युरो. वरून घरभाडं आणि घर गरम ठेवायचा खर्च, तोही वाजवी वाटेल तेवढाच. ५६३ चा हिशेब सरकारने कशाला किती असा मांडलेला असतो. त्यात खाण्यापिण्याला साधारण १९५ युरो धरलेत, म्हणजे दिवसाला साडेसहा. त्या साडेसहा युरोंत सकाळचा पाव, दुपारचं, रात्रीचं, चहा-कॉफी सगळं आलं. भाचा सांगतो, त्याच्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये दुपारचं एक जेवण त्याहून महाग होतं.

अर्धसत्य इथे आहे, ते मान्य करते. म्यूनिकसारख्या महाग शहरात राहणारं, तीन-चार मुलांचं कुटुंब धरलं, सगळ्यांची रक्कम आणि भाडं मिळवलं, तर आकडा तीन हजारांच्या वरही जाऊ शकतो. पण त्यातला मोठा वाटा घरमालकाकडे जातो, आणि एवढ्या मोठ्या कुटुंबाच्या आकड्यावरून ‘काम न करणाऱ्याला तीन हजार’ म्हणणं म्हणजे संयुक्त कुटुंबाचं किराणा बिल एका माणसाच्या नावावर टाकणं आहे. दुसरंही एक मान्य करते. या योजनेत माणूस थोडंफार कमवायला लागला की मदत कापत जातात, आणि काही कुटुंबांना जास्त तास काम करून हातात फारसं काही पडत नाही. ही चूक खरी आहे, तिच्यावर तिथले अर्थतज्ज्ञ कितीतरी वर्षं बोलतायत. ती कपातीच्या टक्क्यांची चूक आहे. ती दुरुस्त करता येते, आणि तिच्यावरून लाखो माणसांच्या चारित्र्याचा निकाल लावता येत नाही.

कारण ती माणसं कोण आहेत ते बघा. २०२४ मध्ये ब्युर्गरगेल्ड घेणारे सुमारे ५५ लाख होते. त्यांत सुमारे १५ लाख काम करूच शकत नाहीत, बहुतेक लहान मुलं. उरलेल्या ४० लाखांत ८ लाखांच्या आसपास लोक नोकरी करतायत, पण पगार पुरत नाही म्हणून वर मदत घेतात. कुणी तान्ह्या मुलाला सांभाळतंय, कुणी आजारी आईला, कुणी शिकतंय. प्रत्यक्ष बेकार म्हणून नोंदलेले साधारण १८ लाख. आणि दिलेलं काम किंवा प्रशिक्षण नाकारलं म्हणून ज्यांची रक्कम कापली गेली, अशी प्रकरणं २०२३ साली सुमारे १६ हजार, पुढल्या वर्षी २३ हजारांच्या आसपास. हे त्यांच्याच रोजगार संस्थेचे आकडे. सगळे कामचुकार सापडत नाहीत, हे कबूल. सापडले त्याच्या दहापट धरा. तरीसुद्धा ५५ लाखांतले ५० लाखांहून जास्त लोक उरतात.

दादाने पाठवलेल्या मजकुरातलं मला सगळ्यात जास्त लागलेलं वाक्य हे: ‘पैसे घरपोच मिळाले की माणूस आळशी होतो, हा मानवी स्वभाव आहे.’ इतक्या सहज लिहिलंय की जणू कुणी तपासून बघितलं आहे. तपासलं आहे. नव्वद वर्षांपूर्वी, गावातल्या घराघरांत जाऊन.

व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाची कामगार वस्ती आहे. कापडगिरणीभोवती वाढलेली. महामंदीच्या सुरुवातीला, १९२९-३० मध्ये, ती गिरणी बंद पडली आणि एका झटक्यात जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. १९३१-३२ च्या हिवाळ्यात मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल हे तरुण संशोधक आपल्या सहकाऱ्यांसह तिथे गेले. ४७८ कुटुंबांची माहिती जमवली. लोक काय जेवतात, मुलं डब्यात काय आणतात, बायका दिवसभर काय करतात, पुरुष रस्त्याने चालताना किती वेळा थांबतात, इथपर्यंत नोंदी केल्या.

‘मानवी स्वभावा’प्रमाणे वेळच वेळ मिळालेल्या या लोकांनी काय करायला हवं होतं? मजा. झालं उलटं. कामगारांच्या ग्रंथालयात पुस्तकं फुकट मिळायला लागली होती, तरी वाचन निम्म्यावर आलं. वर्तमानपत्र स्वस्तात मिळत होतं, तरी वर्गणीदार गळाले. पुरुष रस्त्यावर उगाच उभे राहायचे. दिवसभर काय केलं असं विचारलं तर त्यांना सांगता यायचं नाही. आपल्याकडे गिरण्यांचा संप झाला त्यानंतर लालबाग-परळमध्ये ज्यांनी चाळींच्या कट्ट्यावर बसलेली माणसं पाहिलीत, त्यांना हे चित्र नवं वाटणार नाही.

आणि आता यातली मुख्य गोष्ट. संशोधकांनी कुटुंबांचे चार गट पाडले. न खचलेली, नशिबाला शरण गेलेली, निराश झालेली, आणि पार सुन्न होऊन घरदार-मुलांकडेही दुर्लक्ष करणारी. मग प्रत्येक गटाकडे महिन्याला दरडोई किती पैसे येतात ते काढलं. न खचलेल्यांकडे ३४ शिलिंग. शरण गेलेल्यांकडे ३०. निराश झालेल्यांकडे २५. सुन्न झालेल्यांकडे १९. तिथे भत्त्याला मुदत होती, ती संपली की रक्कम उतरायची, आणि पुढे काहीच मिळायचं नाही. जसजसे पैसे कमी होत गेले तसतशी माणसं एकेक पायरी खाली गेली. ज्यांच्या हातात थोडे पैसे होते तीच मुलांचे कपडे रफू करत होती, काम शोधत होती, पुढच्या वर्षाचं बोलत होती.

दादा, हे चार आकडे पुन्हा वाच. उपाशी ठेवलं की माणूस कामाला लागतो, असं तुझा मजकूर म्हणतो. मारिएनथालमध्ये उपाशी ठेवलेला माणूस भिंतीला टेकून बसला.

त्याच गावात २०२० च्या ऑक्टोबरमध्ये आणखी एक प्रयोग सुरू झाला. मारिएनथाल ज्यात मोडतं त्या ग्रामाटनॉयझीडेल गावात, दीर्घकाळ बेकार असलेल्या प्रत्येकाला नोकरीची हमी. सक्ती नाही, नको असेल तर भत्ता चालू. सुतारकाम, शिवणकाम, बागकाम, जुन्या वस्तूंची दुरुस्ती, रीतसर पगारावर. ऑक्सफर्डच्या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला. लोकांनी काम स्वीकारलं, आणि गावातली दीर्घकालीन बेकारी जवळजवळ संपली. हा प्रयोग २०२४ पर्यंत चालला. भत्ता घेणारा माणूस काम टाळतो म्हणणाऱ्यांनी, भत्ता चालू असतानाही ही माणसं कामावर का गेली, याचं उत्तर द्यावं.

‘युरोपात कुणी काम करत नाही’ यावर जास्त वेळ घालवत नाही. युरोपीय संघात २० ते ६४ वयाच्या दर शंभर माणसांत २०२४ मध्ये सुमारे ७६ जण कामावर होते, आणि बेकारी ६ टक्क्यांच्या आसपास होती. २०१३ मध्ये ती ११ टक्क्यांच्या वर होती. मधल्या काळात कुणी भत्ते बंद केलेले नाहीत. स्पेनमध्ये २०२४ मध्येही बेकारी १० टक्क्यांच्या पुढे होती आणि तिथल्या पोरांचे हाल आहेत, हे खरं. पण भत्ते सगळ्यात भक्कम असलेल्या देशांत ती सगळ्यात जास्त असायला हवी होती ना? डेन्मार्क घ्या. तिथे मालक माणसाला सहज काढू शकतो. पण बेकारी निधीचा सभासद असलेल्याला दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळतो, कमी पगाराच्या माणसाला तर पगाराच्या ९० टक्क्यांपर्यंत. सोबत रोजगार केंद्रात ठरलेल्या भेटी, प्रशिक्षण, अर्ज केल्याचे पुरावे, सगळं बंधनकारक. तिथे कामावर असलेल्यांचं प्रमाण संघाच्या सरासरीहून जास्त आहे. आणि ‘बुडणाऱ्या’ डेन्मार्कचं सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आसपास आहे. अमेरिकेचं १२० टक्क्यांच्या वर.

अमेरिकेचं नाव काढलंच आहे तर तेही बघू. करोना आला तेव्हा एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतली बेकारी जवळजवळ १५ टक्क्यांवर गेली. युरोपीय संघात ती त्या अख्ख्या वर्षात ८ टक्क्यांच्या आत राहिली. कारण तिथे कंपन्यांनी माणसं काढली नाहीत, त्यांचे तास कमी केले आणि बुडालेल्या पगाराचा मोठा भाग विमा निधीतून किंवा सरकारकडून दिला गेला. जर्मनीत त्या एप्रिलमध्ये सुमारे ६० लाख माणसं अशी ‘अल्पकाळ काम’ योजनेत होती. संघाने यासाठी १९ देशांना मिळून ९८ अब्ज युरोंहून अधिक कर्ज दिलं. काम परत आलं तेव्हा माणूस त्याच यंत्रासमोर हजर होता. आणि लाड न करणाऱ्या अमेरिकेने त्याच वर्षी काही महिने, भत्ता घेणाऱ्या प्रत्येक बेकाराला नेहमीच्या रकमेवर आठवड्याला ६०० डॉलर जादा दिले. हे मजकुरात कुठे आहे?

ग्रीसचं मात्र नीट सांगायला हवं, कारण ‘ग्रीस होईल’ ही धमकी आपल्याकडे गावच्या पारावरसुद्धा ऐकू येते.

आधी खरं तेवढं मान्य करते. ग्रीसची पेन्शन व्यवस्था वाईट होती. लवकर निवृत्तीच्या सवलती कुणालाही वाटल्या होत्या, धोकादायक व्यवसायांच्या यादीत केस कापणारेही होते. करचुकवेगिरी अफाट होती. सरकारने हिशेब लपवले, आणि २००९ च्या ऑक्टोबरमध्ये नव्या सरकारने तूट आधी सांगितल्याच्या तिपटीहून जास्त असल्याचं जाहीर केलं. हे कुणी नाकारत नाही.

पण मजकूर म्हणतो की बेकारांना, गरिबांना वाटून ग्रीस बुडाला. ग्रीसमध्ये गरिबांसाठी देशभर लागू असलेली किमान उत्पन्नाची योजनाच नव्हती. ती आली २०१७ मध्ये, बुडून सात वर्षं झाल्यावर. बेकारभत्ता जास्तीत जास्त एक वर्ष, आणि २०१२ मध्ये तोही कापून महिन्याला ३६० युरोंवर आणला. वर्ष संपलं की भत्ता बंद, आणि काही काळाने आरोग्य विमाही बंद. डॉक्टर स्वयंसेवक होऊन मोफत दवाखाने चालवत होते. आणि ग्रीक माणूस आळशी म्हणाल तर वर्षभरात सगळ्यात जास्त तास काम करणाऱ्या युरोपियनांत तो आहे. वर्षाला १,८०० तासांहून जास्त. जर्मन माणसाचे साडेतेराशेच्या आसपास भरतात.

शिवाय आयर्लंड आणि स्पेन का बुडाले? २००७ मध्ये आयर्लंडचं सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या २५ टक्क्यांच्या आसपास होतं, स्पेनचं ३६ च्या आसपास. दोघांच्या अंदाजपत्रकात शिल्लक होती. शिस्तीत वागणारी ही मुलं. घरांच्या किमतींचा फुगा फुटला, बँका कोसळल्या, आणि आयर्लंडच्या सरकारने सप्टेंबर २००८ मध्ये बँकांच्या कर्जाची हमी स्वतःच्या डोक्यावर घेतली. बँकांचा खड्डा भरता भरता सरकार खड्ड्यात गेलं. तिथे कुठल्या बेकाराने काय खाल्लं?

मग ग्रीसवर उपाय काय केला, तर अगदी मजकूर सुचवतो तोच. पेन्शनी कापल्या, पुन्हा पुन्हा कापल्या. किमान वेतन एका फटक्यात २२ टक्क्यांनी उतरवलं, पंचविशीच्या आतल्यांचं ३२ टक्क्यांनी. भत्ते कापले. लोक झडझडून कामाला लागायला हवे होते. २०१३ मध्ये बेकारी २७ टक्क्यांवर गेली, आणि काम शोधणाऱ्या तरुणांत निम्म्याहून जास्त बेकार. देशाचं उत्पन्न एक चतुर्थांशाने घटलं. त्याच वर्षी जानेवारीत आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे मुख्य अर्थतज्ज्ञ ऑलिव्हिये ब्लांशार यांनी डॅनियल ली यांच्यासोबत लेख लिहून मान्य केलं की खर्चकपातीने अर्थव्यवस्था किती आक्रसेल याचा अंदाज त्यांनी कमी धरला होता. कपात करायला लावणाऱ्या संस्थेच्याच माणसाने हे लिहिलंय. दादा, तुझ्या मजकुराला कुणाचं नाव तरी आहे का खाली?

‘बाहेरचे खातात’ याबद्दल दोनच ओळी. ब्युर्गरगेल्ड घेणाऱ्यांत निम्म्याच्या जवळपास लोकांकडे जर्मन नागरिकत्व नाही, हा आकडा खरा आहे. त्यात सात लाखांच्या आसपास युक्रेनचे, म्हणजे मुख्यतः लढाईतून निसटून आलेल्या बायका आणि मुलं. २०२२ मध्ये सरकारने स्वतःच त्यांना थेट या योजनेत घेतलं. बाकीच्यांत निर्वासित बरेच. आणि माझा भाचाही ‘बाहेरचा’च आहे. तो चार वर्षं जर्मन म्हाताऱ्यांच्या पेन्शनीसाठी पगाराचे ९.३ टक्के देतोय, ते कुणाला दिसत नाही.

राहता राहिलं ‘आपल्याकडे हे खूळ कधीच नव्हतं’. हे वाक्य मराठी माणसाने पुढे पाठवावं याचं मला खरंच वाईट वाटतं. काम मागेल त्याला काम देणं ही सरकारची जबाबदारी, असा कायदा महाराष्ट्राने केला. १९७७ चा रोजगार हमी कायदा. त्यामागे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे होते, आणि त्यांनी १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यात करून पाहिलेला प्रयोग होता. मग १९७२ चा दुष्काळ आला. आमच्या आईने सुकडीची पाकिटं आणि मिलोचं लाल पीठ कसं असायचं ते आम्हाला सांगितलंय, दादालाही सांगितलंय. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. मे महिन्याच्या उन्हात, पाझर तलावाच्या मातीवर, खडीच्या ढिगाऱ्यावर, पोरं झाडाच्या सावलीत झोळीत टाकून. फुकट बसून खायची हौस असलेली माणसं अशी पन्नास लाखांनी खडी फोडायला येत नाहीत.

आणि याचे पैसे कुठून आले? १९७५ मध्ये शहरातल्या नोकरदार-व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला, तो रोजगार हमीसाठी. आजही महाराष्ट्रातल्या पगाराच्या स्लिपवर ‘पी.टी.’ अशी ओळ असते. महिन्याला दोनशे रुपये, फेब्रुवारीत तीनशे. दादा, तू रिटायर होईपर्यंत तुझ्या स्लिपवर ती ओळ होती. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी दरमहा भरायचं, ही युरोपातून आणलेली कल्पना नाही. ती तू स्वतः पाळलेली आहेस.

विल्यम बेव्हरिज या इंग्रज माणसाने १९४२ च्या त्याच्या प्रसिद्ध अहवालात गरिबी, रोग, अज्ञान, गलिच्छ वस्ती आणि बेकारी असे पाच राक्षस सांगितले होते. दोन वर्षांनी त्याने पूर्ण रोजगारावर वेगळं पुस्तकच लिहिलं, कारण त्याचा हिशेब साधा होता. सगळे कामावर असले तरच हप्ते जमतात, आणि विमा असला तरच माणूस एक काम सुटल्यावर हातात येईल ते न पकडता, आपल्या कौशल्याचं दुसरं काम शोधू शकतो. दोन्ही एकमेकांवर उभे आहेत. मजकूर लिहिणाऱ्याने या दोघांना शत्रू ठरवलं, आणि तिथेच त्याचं सगळं गणित चुकलं.

भाच्याला काल पुन्हा फोन केला. भत्ता सुरू झालाय, आठवडा कापून. रोजगार कार्यालयाने बॅटरी-तंत्राच्या प्रशिक्षणाचं नाव सुचवलंय, त्याने अर्ज केलाय, दोन मुलाखतीही झाल्यात. त्याला विचारून, तिथे असलेल्या आपल्या मुलामुलींसाठी चार गोष्टी लिहून ठेवते. पत्र आलं की तीन दिवसांत ‘काम शोधतोय’ अशी नोंद करा, नोकरी संपायची वाट बघू नका. उशिरात उशिरा नोकरी नसल्याच्या पहिल्या दिवशी ‘बेकार’ म्हणून वेगळी नोंद करावी लागते, ती विसरू नका. कंपनीने ‘आपण आपसात करार करून वेगळे होऊ’ असा कागद पुढे केला तर वकिलाला किंवा कामगार संघटनेला दाखवल्याशिवाय सही करू नका, कारण त्यामुळे बारा आठवडे भत्ता थांबू शकतो. व्हिसाच्या कार्यालयालाही नोकरी गेल्याचं कळवायचं असतं. तुमच्या हप्त्यांतून मिळणारा हा भत्ता तिथल्या कायद्यात सरकारी मदत धरला जात नाही, त्यामुळे त्याने परवान्याला धक्का लागेल या भीतीने मागे राहू नका. पगारपत्रकं सगळी जपून ठेवा, पहिल्या महिन्यापासूनची.